टेप लावलेले फोटो

मंगळवार, दोन डिसेंबर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दामिनीनं नांदेडच्या तरोडा भागातल्या एका तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दाराला टेप लावली. बावीस इंच. तिनं बोट काढलं, टेप सर्रकन आपल्या डबीत गेली.

"सातवं," ती स्वतःशीच म्हणाली.

"सातवं काय?"

ती दचकून वळली. फ्लॅटचं दार उघडंच होतं आणि ती हॉलकडे न बघता सरळ आत गेली होती. हॉलच्या खिडकीपाशी स्टुलावर चढून एक तरुण दांडीतून पडदा काढत होता. लिंबू रंगाचा पडदा. खालच्या कडेला पांढरी नक्षी.

दामिनीनं तो पडदा ओळखला. तिनं पर्समधून फोन काढला आणि एकेक फोटो सरकवत त्याच्यासमोर धरला.

"हे भाग्यनगरचं घर. पडदा बघा. हे वामननगरचं. पडदा बघा. हे छत्रपती चौकाजवळचं... घरं सात, पडदा एक. आठ दिवस झाले, मी या पडद्याच्या मागं नांदेडभर फिरून राहिले."

तरुण स्टुलावरून उतरला. पडद्याची नीट घडी घातली. मग म्हणाला, "पडदा माझा आहे. फोटो मीच काढतो. ईश्वरप्पांच्या एजन्सीसाठी."

"आणि ती पितळी कुंडी?"

"ती मावशीची. आज तिच्याकडं पूजा आहे, म्हणून परत नेतोय."

"फोटोत हा हॉल एवढा दिसत होता की इथं लग्न लागलं असतं."

"लेन्सचा थोडा परिणाम असतो, मॅडम —"

"सोळा मिलिमीटर?"

तो थांबला. तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. कपाळावर आलेली बट, खांद्यावर खडूची पांढरी रेघ, हातात पिवळी टेप.

"चौदा," तो अगदी हळू म्हणाला. "तुम्हीबी फोटोग्राफर का?"

"अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. लेन्स मला अभ्यासक्रमात आहे. खोटं बोलणं नाही."

त्यानं कुंडी उचलली, परत खाली ठेवली.

"नाव काय तुमचं? तक्रारीत लिहायला लागेल."

"मृत्युंजय. देगलूरचा. शाळेत पोरं अर्धंच नाव घ्यायची."

"कोणतं अर्धं?"

"पहिलं."

दामिनीला हसायचं नव्हतं. ती हसली.

जाता जाता त्यानं विचारलं, "एक विचारू? लोक येतात ते हॉल मोजतात, सोफा बसतो का बघायला. तुम्ही बाथरूमचं दार काहून मोजलं?"

"माझ्या आईची खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे," दामिनी म्हणाली. "चाकाची."

पडद्याची घडी त्यानं छातीशी धरली होती, ती जरा खाली आली.

*

दामिनीचं घर लातूरचं. औसा रोडच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिच्या आईचे, कमलम्मांचे, पाय कामातून गेले, त्याला चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत कमलम्मा एकदाही जिना उतरल्या नव्हत्या. बाथरूमला उंबरा होता, दार अरुंद होतं. खुर्ची आत जात नसे. सरजाबाई नावाची बाई दिवसभर सोबतीला असे. ती बादली आणि पाट बाहेर आणून कमलम्मांना अंघोळ घाली. कमलम्मा त्यावर कधी तक्रार करत नसत. फक्त त्या वेळी डोळे मिटून घेत.

जूनमध्ये दामिनीला नांदेडच्या एका क्लासमध्ये नोकरी मिळाली. ती मुलींच्या वसतिगृहात राही आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं लातूरला जाई. आता लातूरच्या घरमालकानं एकतीस डिसेंबरपर्यंत जागा मोकळी करायला सांगितलं होतं. म्हणजे नांदेडला घर हवं होतं — तळमजला, पायरी नको, आणि बाथरूमचं दार पंचवीस इंचांहून मोठं. हॉल कितीही लहान चालला असता. पण बाथरूमच्या दाराचा फोटो कुणीच टाकत नव्हतं.

बुधवारी सकाळी सहा पन्नासला, पहिल्या तासाच्या आधी, तिच्या फोनवर अनोळखी नंबरावरून चार फोटो आले. पहिल्या फोटोत एक ओलसर भिंत होती. दुसऱ्यात बाथरूमचं दार, त्याला आडवी लावलेली टेप. तिसऱ्यात तीन पायऱ्या, चौथ्यात एक कूलर. खाली लिहिलं होतं :

'आनंदनगर. दार चोवीस. पायऱ्या तीन. खिडकीतून शेजाऱ्यांचा कूलर दिसतो. कूलर चांगला आहे. घर बघायला येऊ नका. — मृत्युंजय (पडदेवाला). तुमचा नंबर चौकशीच्या वहीत होता. चुकलं असेल तर पुसतो.'

दामिनीनं तो मजकूर दोनदा वाचला. मग लिहिलं, 'पुसू नका.'

त्यानंतर रोज फोटो यायला लागले. मृत्युंजयनं दोन वर्षांत नांदेडमधली तीनेकशे घरं आतून बघितली होती. कुणाची भिंत ओली, कुणाच्या बेडरूममध्ये खांब मधोमध आलेला, हे त्याला पाठ होतं. आजवर हे सगळं फोटोत येऊ नये म्हणून तो कोपऱ्याकोपऱ्यात वाकत आला होता. आता नेमकं तेच तो टिपत होता. फोटो वाईट होते. दामिनीनं इतके वाईट आणि इतके खरे फोटो कधी बघितले नव्हते. मधल्या सुटीत ती ते उघडायची आणि स्टाफरूममध्ये एकटीच हसायची.

'श्रीनगर. दार सव्वीस! पण पुढं दोन पायऱ्या, आणि मालक विचारून राहिले, पोरगी एकटी का राहते. मी म्हणालो, तिच्याकडं टेप असते.'

'विष्णुपुरी. उद्या साडेअकरा. हे तुम्ही स्वतः बघा. ऊन अकरानंतर येतं. खरं ऊन.'

*

विष्णुपुरीचं घर मोकळं होतं. नव्या रंगाचा वास होता आणि खिडकीतून येणारं हिवाळ्याचं ऊन फरशीवर अंग टाकून पडलं होतं. मृत्युंजयनं आज पडदा आणला नव्हता. शर्टाला इस्त्री मात्र होती.

"शून्याचं टोक तुम्ही धरा," दामिनी म्हणाली.

तो एका भिंतीला टेकला, ती टेप ओढत समोरच्या भिंतीपर्यंत गेली. मध्ये पिवळी पट्टी ताणली गेली, जराशी थरथरली.

"अकरा फूट चार इंच," तिनं वाचलं.

"लई लांब आहे."

"हॉलसाठी ठीक आहे."

"मी हॉलचं नाही म्हणालो."

दामिनीच्या हातून टेप सुटली. पट्टी सरसरत त्याच्या पायाशी जाऊन पडली. दोघंही त्या पट्टीकडं बघत राहिले, जणू त्यात काही वाचायचं राहून गेलं होतं...

"बाथरूम," ती म्हणाली. कान तापले होते.

"हाव. बाथरूम."

बाथरूमचं दार तेवीस निघालं.

परतताना ते टपरीवर चहाला थांबले. तिनं त्याला खुर्ची शिकवली : वळायला पाच फुटांचा गोल लागतो, उताराची उंची एक इंच असली तर लांबी बारा इंच हवी, नळ उभ्या माणसाच्या हाताला नाही, बसलेल्याच्या हाताला लागला पाहिजे. तो ऐकत होता. कागदाच्या कपावर पेनानं आकडे लिहून घेत होता.

"कप टाकून द्याल," ती म्हणाली.

"नाही टाकणार."

"चहाचा कप कोण ठेवतं?"

"ज्यानं आजवर दुसऱ्याचीच कुंडी सांभाळली तो," तो म्हणाला आणि बाकीचा चहा एका घोटात संपवून कप खिशात घातला. खिसा ओला झाला. तिनं दुसरीकडं बघितलं, पण उशिरा. त्यानं तिचं हसू पाहिलं होतं.

*

शनिवारी लातूरला तिनं कमलम्मांना फोटो दाखवले. आधी मृत्युंजयचे जुने, एजन्सीच्या जाहिरातीतले. हे बघ अव्वा, किती फसवतात, असं म्हणत तिनं लिंबू पडद्याचा फोटो मोठा केला.

कमलम्मांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"यानं बसून काढलेत."

"काय?"

"बसून काढलेत गं फोटो. टेबलाची वरची बाजू दिसत न्हाई, कड दिसते. खिडकीतनं आभाळ दिसतं, रस्ता दिसत न्हाई. छत उंच, दार उंच. मला रोज असंच दिसतंय." त्यांनी फोन परत दिला. "उभी माणसं असं बघत न्हाईत. कोण आहे हा पोरगा?"

दामिनी लेन्सचं गणित शिकवत होती आणि ही गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. तिनं स्वयंपाकघरात जाऊन त्याला फोन लावला. आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

मग तो म्हणाला, "कंबरेच्या खाली धरला कॅमेरा की खोली मोठी दिसते. ईश्वरप्पांनी शिकवलं. मी दोन वर्षं गुडघे टेकून फोटो काढले, मॅडम... पण तिथून कुणी बघत असंल, हे मनातच आलं नाही."

"मॅडम नको."

"मग काय म्हणू?"

"विचार करा. घाई नाही."

"कोण आहे गं?" बाहेरून कमलम्मांनी परत विचारलं. "मघाशी विचारलं तर उठून गेलीस."

"फोटोग्राफर आहे, अव्वा."

"फोटोग्राफरला फोन करायला दार लावून घ्यावं लागतंय?"

*

घर मिळालं ते सतरा तारखेला, काबरानगरात. ईश्वरप्पांच्याच यादीतलं. तळमजला, पायरी नाही, पुढं सिमेंटचा उतार आणि मागं पेरूचं झाड. मृत्युंजयनं फोटो पाठवला : बाथरूमचं दार, आडवी टेप, सव्वीस इंच. खाली लिहिलं होतं, 'हे.' एवढंच.

हाच फोटो त्यानं एजन्सीच्या जाहिरातीतही टाकला. दुसऱ्या संध्याकाळी ईश्वरप्पांनी त्याला टेबलासमोर उभं केलं.

"तुला फोटो काढायला ठेवलंय का पंचनामा करायला?"

"घर गेलं ना, सर. एका दिवसात."

"एक गेलं! बाकीची तीस तुझ्या टेपनं अशीच पडून राहतील. वर्षाअखेरपर्यंत नीट सांग — पडदा लावून काम करायचं का टेप लावून. टेप लावून असंल तर माझ्याकडं न्हाई."

दामिनी त्याच दिवशी सकाळी घर बघायला गेली होती. उतारावरून चालत वर आली, पेरूच्या पानाला हात लावला, मालकिणीशी बोलली. पर्समधली टेप तिनं काढली नाही. दोन आठवडे रोज कुणीतरी तिच्यासाठी मोजत होतं. एवढ्यानंच तिला मोजायची गरज वाटेनाशी झाली होती. तिनं तिथंच होकार दिला.

*

रविवार, अठ्ठावीस डिसेंबर. लातूरला चौघांनी खुर्चीसकट उचलून कमलम्मांना जिन्यावरून उतरवलं. त्या गाडीत बसल्या, अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी खुर्ची काबरानगरातल्या उतारावरून वर आली. मृत्युंजय दारात उभा होता. वाकून नमस्कार करत म्हणाला, "या, अव्वा."

"बसून फोटो काढणारा तूच का?"

"हाव."

"बरा आहेस. तिच्या फोनवरच्या आवाजानं जाडा वाटायचास."

"अव्वा!" दामिनी म्हणाली.

"तू गप. मला आधी हातपाय धुवू दे. नळाखाली, माझी मी."

त्यांनी स्वतःच चाकं फिरवली. हॉल पार केला, वळल्या — पाच फुटांचा गोल बरोबर भरला — आणि बाथरूमच्या दारात खुर्ची अडकली.

डावं चाक चौकटीला घासलं. उजवं चाक उघड्या दाराच्या कडेला. कमलम्मांनी जोर लावला. खुर्ची हलली नाही.

दामिनीनं पर्समधून टेप काढली. दार उघडं, टेप आडवी. साडेचोवीस.

"सव्वीस होतं," मृत्युंजय म्हणाला. "मी स्वतः मोजलं. फोटो आहे..."

दामिनीनं फोनवर तो फोटो उघडला. टेप सव्वीसच दाखवत होती, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मागं दार बंद होतं.

"दार लावून मोजलंत?"

बाथरूमचं दार फोटोत बंद ठेवायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. तीनशे घरांत त्याचा हात आपोआप त्या कडीकडं गेला होता, इथंही गेला. आणि दार उघडलं की त्याची जाडी चौकटीतच उभी राहते, दीड इंच खाते, हे त्याला त्या दिवशी सुचलं नाही.

"मी टेप काढली नाही," दामिनी म्हणाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती. "आठ घरं मोजली. हेच एक मोजलं नाही. तुम्ही मोजलं होतं म्हणून."

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती उभी होती, आईच्या खुर्चीच्या दांड्याला धरून. कमलम्मांनी डोळे मिटून घेतले होते. लातूरला बादली समोर आली की मिटायच्या, तसे. ते दामिनीनं पाहिलं; आणि दामिनी पाहतेय, हे त्यानं पाहिलं.

"खुर्ची मागं घ्या," तो म्हणाला.

कॅमेऱ्याच्या बॅगेत ट्रायपॉडसाठी पेचकस असे. तो काढून मृत्युंजय गुडघ्यावर बसला. खालची बिजागरी, मधली, वरची. रंगात बसलेले स्क्रू निघता निघेनात. हात घसरून बोटाला खरचटलं, तरी तो थांबला नाही. वीस मिनिटांनी त्यानं दार उचलून भिंतीला टेकवलं. दामिनीनं टेप लावली.

"सव्वीस," ती म्हणाली.

कमलम्मांनी डोळे उघडले. चाकं फिरवली. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच सोडून खुर्ची आत गेली.

"आता बाहेर व्हा दोघं. आणि आडोसा करा काहीतरी."

सामानाच्या गठ्ठ्यातून दामिनीनं चादर ओढली. मृत्युंजय बाहेरच्या दाराकडं निघाला, तेवढ्यात आतून हाक आली : "तू कुठं चाललास? तिचा एकटीचा हात पुरत न्हाई. एक टोक धर. तोंड तिकडं करून."

त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं. दोघं पाठमोरी, हात डोक्याच्या वर, चेहरे हॉलच्या रिकाम्या भिंतीकडं. आत नळ सुटला. पाण्याचा आवाज, मग कमलम्मांचा — शब्द नव्हते, नुसता एक लांब श्वास. चौदा महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या हातानं नळ सोडला होता.

दामिनीचे डोळे भरले. हात वर होते, त्यामुळे पुसता येत नव्हते.

"बोटातून रक्त येतंय तुमच्या," ती समोर बघत म्हणाली.

"येऊ दे."

"चादरीला लागेल."

"धुऊन देईन." थोडं थांबून तो म्हणाला, "दामिनी... मी दीड इंच चुकलो. यापुढं तुम्ही माझ्या कुठल्याच मापावर विश्वास ठेवू नका. पण एक सांगतो, त्याला माप लागत नाही. तीन तारखेपासून रोज सकाळी सहा पन्नासला मी फोटो पाठवायचो ना... त्यातली निम्मी घरं मला आधीच माहीत होती, की तुमच्या कामाची नाहीत. तरी जात होतो. मोजत होतो. तुम्हाला काहीतरी पाठवायला मिळावं म्हणून."

भिंतीवर मागच्या भाडेकरूच्या कॅलेंडरचा चौकोनी डाग होता. दामिनी त्याच्याकडं बघत राहिली.

"कूलरचा फोटो... तोसुद्धा?"

"तो पहिला होता. तो खरा होता. त्यानंतरचे..."

"मला ऐकू येतंय," आतून कमलम्मा म्हणाल्या. "हात खाली येऊन राहिलेत तुमचे. नीट धरा."

दोघांनी हात वर केले. चादर ताणली गेली. तिच्या टोकाचा ताण त्याच्या बोटांना कळला, त्याचा तिच्या.

"तुम्ही काही बोलला नाहीत," तो कुजबुजला.

"हात दुखतायत," ती म्हणाली. पण तिनं हात खाली घेतले नाहीत. जरा वेळानं, अगदी हळू, ती त्याच्या बाजूला अर्धं पाऊल सरकली. चादरीला मधे झोळ पडला.

"झोळ पडला!" आतून.

गठ्ठ्यांना बांधलेली सुतळी दोघांच्या पायाशीच पडली होती. चौकटीवरच्या दोन खिळ्यांना ती बांधून चादर टाकायला दोन मिनिटं पुरली असती. दोघांपैकी कुणीही ते सुचवलं नाही.

*

सोमवारी ईश्वरप्पांनी उत्तर मागितलं. मृत्युंजयनं आणखी दोन दिवस मागून घेतले. तो काय ठरवतो ते अजून कळलेलं नाही. त्याच दिवशी सकाळी सहा पन्नासला दामिनीला फोटो आला नाही. सव्वासहालाच तो स्वतः पेरूच्या झाडाखाली उभा होता, बोटाला पट्टी बांधून. कमलम्मांनी त्याला चहा पाजला आणि चादरीचं टोक हातात दिलं.

मंगळवारी दुपारी सुताराचा फोन आला. रविवारी सांगितलेलं बाहेरच्या बाजूनं सरकणारं दार तयार आहे, आज संध्याकाळी येऊन लावून टाकतो, म्हणाला.

दामिनीनं आईकडं बघितलं. कमलम्मा खिडकीशी बसून पेरू खात होत्या; त्यांनी मान खिडकीबाहेर वळवली.

"आज नको," दामिनी सुताराला म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या. आमची काही घाई नाही."